चिमट्याच्या पानावरचे ऊन

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फेब्रुवारीतली सकाळ कुठल्याही घाईशिवाय येते. आधी समोरच्या बंद तेलगिरणीच्या टाकीला एक फिकट पिवळी कड फुटते. मग पत्र्याच्या छपरांच्या रांगा पूर्वेकडून एकेक करून उजळत जातात आणि रस्त्याकडेच्या बाभळींची सावली, रात्रभर आखडून बसलेल्या माणसासारखी, हळूहळू पाय पसरते. त्यानंतर ते ऊन ‘कांता कृषी अवजारे’ या कारखान्याच्या पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकातून आत शिरते. आत त्याला पहिल्यांदा भेटते ती लोखंडाची धूळ; तिच्यातून ते सरळ काठीसारखे उभे राहते, भिंतीला टेकवून ठेवलेल्या चिमट्यांच्या लांब दांड्यांवरून घसरते, कॅलेंडरवरच्या तारखा वाचत असल्यासारखे क्षणभर थांबते आणि आठ वाजून पन्नास मिनिटांनी एका निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसते. त्या खुर्चीचा डावा हात तुटलेला असून तो तारेने बांधला आहे. उन्हाला त्याचे काही वाटत नाही.

हे सारे इंद्रजितला मिनिटांसकट ठाऊक होते, कारण तो रोज पावणेनऊलाच येऊन संगणकासमोर बसे. नऊनंतर ते ऊन कुठे जाते, हे मात्र त्याने कधी पाहिले नव्हते. नऊला त्या खुर्चीवर समीक्षा येऊन बसे.

समीक्षा दिवाळीनंतर कामाला लागली होती. तिचे काम एकच: फोन घेणे. डोमाजी, म्हणजे इंद्रजितचे मामा आणि कारखान्याचे मालक, पऱ्हाटी उपटण्याचा चिमटा बनवत. कापूस वेचून संपला की शेतात वाळकी झाडे उरतात. त्यांना बुंध्याशी धरून मुळासकट ओढणारे हे लांब दांड्यांचे लोखंडी अवजार. त्याचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, जानेवारीच्या अखेरीपासून होळीपर्यंतचा. त्या दोन महिन्यांत घाटंजीपासून वणीपर्यंतचे शेतकरी मोबाइलवर चिमटा शोधत, पहिल्याच पानावर डोमाजींची वेबसाइट सापडे आणि फोन वाजे. वेबसाइट इंद्रजितने बांधली होती. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्याने माणसांशी जितकी वाक्ये बोलली असतील, त्याहून अधिक त्या वेबसाइटसाठी लिहिली होती.

यंदा फोन वाजत नव्हता.

हंगामाच्या अकराव्या दिवशी डोमाजी आत आले, समीक्षासमोरचा फोन उचलून त्यांनी तो हलवून पाहिला आणि पुन्हा ठेवला.

“पोरी, बिघडला काय वं हा?”

“नाही काका. आताच माझ्या फोनवरून लावून पाहिला. वाजते.”

“मंग साऱ्या जिल्ह्यानं पऱ्हाटी वावरातच ठेवली काय औंदा?” त्यांनी फोनची वही उघडली. अकरा दिवसांत तिच्यात एकच नोंद होती: वणी, नानाजी, सोलर यंत्राची चौकशी. “हे काय आहे? आपण सोलरचं कधी काढलं?”

“त्यांचा काही गैरसमज झाला असेल,” समीक्षा म्हणाली आणि पेनाचे टोपण लावू लागली. ते लागलेलेच होते.

डोमाजी इंद्रजितकडे वळले. “हे पाह्य भाच्या. होळीपर्यंत फोन वाजला तर वाजला. नाही तं पोरीले इथं रिकामी बसवून ठेवण्यात काही मतलब नाही. तिचाही टाइम जाते.” समीक्षासमोरच ते हे बोलले, कारण डोमाजींच्या मते पाठीमागे बोलणे वाईट असते.

त्या दुपारी इंद्रजितने शोध घेतला. त्याने ‘पऱ्हाटी उपटण्याचा चिमटा’ असे टाकले. पहिल्या पानावर त्यांची वेबसाइट नव्हती, चौथ्यावर नव्हती, नवव्यावरही नव्हती. मग त्याने कारखान्याचे पूर्ण नाव गावासकट टाकले, तर ‘कांता’ नावाचे एक ब्यूटी पार्लर सापडले. डोमाजी त्याच्या खांद्यावरून पाहत होते.

“आपलंच नाव टाकून आपणच सापडून नाही राह्यलो,” ते म्हणाले. “कुठं बसते हा गुगलवाला? आपण जाऊन भेटू त्याले. चिमटा सोबत नेऊ. हातात घेतला का समजते माणसाले.”

तो जिथे बसतो तिथे चिमटा नेता येत नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. मग इंद्रजितने वेबसाइटच्या मालकालाच दिसणारी खोली उघडली, जिथे सर्च इंजिनच्या सूचना येऊन पडतात. तिथे तीन आठवड्यांपूर्वीची एक सूचना होती. कुणीतरी पाने तपासून केलेली कारवाई. दोन ओळींत दोन कारणे.

पहिली ओळ त्याने मामांना वाचून दाखवली: या वेबसाइटकडे येणारे अनेक दुवे (लिंक) नैसर्गिक नाहीत, शोधात वर येण्यासाठी मुद्दाम लावलेले दिसतात.

दुसरी ओळ त्याने वाचून दाखवली नाही. त्याने पान थोडे वर सरकवले.

“दंड किती केला?” डोमाजींनी विचारले.

“दंड नाही मामा. वाळीत टाकलं.”

डोमाजी खाली बसले. खून केल्याचा आरोप त्यांनी याहून शांतपणे ऐकला असता. “आपल्याले? काहून?”

पहिल्या कारणाचा उगम शोधायला लांब जावे लागत नव्हते. दोन वर्षांपूर्वी वेबसाइट तयार झाली, तेव्हा डोमाजींनी ती तळापर्यंत पाहिली आणि विचारले होते, “नावं कुठं आहेत?” त्यांच्या समजुतीत छापलेल्या कुठल्याही मंगल गोष्टीच्या तळाशी, लग्नपत्रिकेत असतात तशी, नावे असावी लागतात, आणि एक नाव सुटले तर तीन पिढ्यांचा रुसवा पदरी येतो. म्हणून चिमट्याच्या पानाच्या तळाशी ‘आपले विनीत’ या शीर्षकाखाली एकशे सेहेचाळीस नावे चढली. मामी कांताबाईंनी त्यांत स्वतः दुरुस्त्या केल्या. सगळ्यात खाली घरातल्या चिमुकल्यांची नावे आणि त्यांची ओळ: ‘आमच्या आबाच्या चिमट्याला यायचं हं.’

पुढे असे झाले की ज्यांची नावे चढली, त्यांनाही परतफेड करावीशी वाटली. त्यांपैकी एकेचाळीस जणांच्या कसल्या ना कसल्या वेबसाइट होत्या. घाटंजीच्या गोपालचे मंडप डेकोरेशन, कुणाचे बांगड्यांचे दुकान, कुणाचे पोलीस भरतीचे क्लास, वणीच्या नानाजींचे ट्रक. या सर्वांनी आपापल्या पानाखाली कृतज्ञतेने डोमाजींच्या वेबसाइटचा दुवा लावला, आणि चुकायला नको म्हणून एकाने लिहिलेलेच शब्द सर्वांनी उतरवले: ‘पऱ्हाटी उपटण्यासाठी सर्वोत्तम चिमटा.’ दूर कुठेतरी बसलेल्या तपासनिसाला प्रश्न पडला असणार, की पोलीस होऊ पाहणाऱ्या तरुणाला बांगड्यांच्या दुकानाने आणि मंडपवाल्याने एकाच सुरात चिमटा का सुचवावा.

दुसरे कारण इंद्रजितचे स्वतःचे होते.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी, पानाची रचना तपासताना, त्याने चिमुकल्यांच्या ओळीखाली सहज एक वाक्य लिहिले होते: ‘आज ऊन निळ्या खुर्चीवर येऊन बसले आणि दहा मिनिटे कुणाची तरी वाट पाहत राहिले.’ लिहिल्याबरोबर त्याचे कान तापले. त्याने ते पुसायला हवे होते. पुसण्याऐवजी त्याने अक्षरांचा रंग बदलून पांढरा केला. पान पांढरेच होते. वाक्य होते तिथेच राहिले आणि दिसेनासे झाले. त्याला वाटले, आयुष्यभर त्याला असेच काहीतरी जमायला हवे होते. दुसऱ्या सकाळी त्याने दुसरे लिहिले. फेब्रुवारीपर्यंत पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ऐंशीवर वाक्ये साठली. सूचनेतली दुसरी ओळ होती: पानावर लपवलेला मजकूर आहे.

पण इंद्रजितने मनाशी ठरवून टाकले की दोष पहिल्याच ओळीचा. दुसरी ओळ उगाच जोडलेली असावी, यंत्रे कधीकधी अशी अधिकची बोलतात. तो निघाला एकेचाळीस दुवे काढायला.

त्याने गोपालला फोन लावला. गोपालने सारे ऐकून घेतले.

“काहून रे इंद्रजित? आमच्याकडून काही कमी-जास्त झालं काय?”

“नाही दादा. गुगलचा नियम आहे.”

“तुमच्या घरच्या ममताच्या लग्नात आम्ही एक पंखा कमी लावलता, त्याचं तं नाही ना हे?”

“नाही हो.”

“नाही, पंखा जळलता तो. तुह्या मामाले सांगजो.”

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की डोमाजी नावे काढून राह्यले. कांताबाईंना सात फोन आले. त्यांनी इंद्रजितला स्वयंपाकघरात बोलावून विचारले, “आमच्या माहेरची किती काढली आणि यायच्याकडची किती?” त्याने नीट मोजून सांगितले. ती चूक झाली. त्या दिवसापासून डोमाजींच्या डब्यात भाजी कमी येऊ लागली.

“आता काढायचेच तं आधी माह्या साडूचं काढ,” डोमाजी म्हणाले. “त्याचं काढलं का बाकीच्यायले बरं वाटीन.”

दहा दिवसांत चाळीस दुवे निघाले, पानाखालची नावे दोन ओळींत आली आणि इंद्रजितने सर्च इंजिनकडे फेरविचाराचा पहिला अर्ज पाठवला. त्यात त्याने लिहिले: ‘काही नातेवाईकांच्या प्रेमामुळे हा प्रकार घडला.’ पाच दिवसांनी अर्ज परत आला. पानावर लपवलेला मजकूर अद्याप आहे.

त्या रात्री त्याने ती सगळी वाक्ये पुसली. कुणाची तरी पाठ थोपटून निरोप द्यावा तसे वाटले. सकाळी पावणेनऊला तो कारखान्यात आला, ऊन खुर्चीवर येऊन बसले, आणि त्याने एकच लिहिले. एका वाक्याने काय होते. दुसऱ्या अर्जात त्याने नोंदवले: ‘पानावर काही मजकूर आढळला होता. योग्य ती काळजी घेण्यात आली आहे.’ आठवड्याने तोही परत आला.

“हॅक-बिक केलं असेल कोणी,” तो मामांना म्हणाला, आणि आपला आवाज आपलाच असल्याचे त्याला नवल वाटले.

“आपल्याले कोण हॅक करते?” डोमाजी म्हणाले. “एक दुवा राह्यला म्हणते ना तू? त्याच्यानंच अडलं असेल.”

राहिलेला दुवा नानाजींचा होता. ते कांताबाईंचे थोरले भाऊ. त्यांनी फोनवर साफ सांगितले होते: “नाव चढवाले घरी आलते, तं उतरवालेही घरी या.” इंद्रजित वणीच्या एसटीत बसला. मारेगावच्या पुढे रस्त्यावर कोळशाचे ट्रक लागले, खिडकीच्या काचेवर काळी भुकटी जमली आणि बाहेरचे ऊन राखाडी दिसू लागले. त्या उन्हावरही त्याला एक वाक्य सुचले; ते त्याने मनातल्या मनात पांढरे करून टाकले.

नानाजी अंगणात बाजेवर बसले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा डोळ्यांवर, मोबाइल कानाशी.

“ये. तूच काय तो साइटवाला? बस. पाणी घे.” त्यांनी मोबाइल उताणा ठेवला. “मले दिसत नाही बा सध्या. तं नातवानं असं करून देलं का फोनच वाचून दाखवते. त्याच्यात एक बाई आहे, ते वाचते. मी तुमची साइट रोज ऐकतो.”

“रोज?”

“मंग! माह्यं नाव आहे का नाही, पाहा नाही लागत? बावन्नावा नंबर होता. डोमाजीच्या साडूच्या खाली कायले ठेवलता, ते मामाले विचार. तं साऱ्यायची नावं येत. मंग पोट्ट्यायची. मंग ते ‘यायचं हं’. आणि त्याच्यानंतर ते उन्हाचं.”

इंद्रजितने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. तो ठेवायला जमीन अपेक्षेपेक्षा खाली होती.

“उन्हाचं,” तो म्हणाला.

“हो ना. ‘आज ऊन खुर्चीवर बसले, आज ऊन उशिरा आले.’ रोज एक नवीन. पयले मले वाटलं, डोमाजीनं सोलरचं काढलं काही. म्हणून फोन केला तुमच्या दुकानात.”

“कुणी उचलला?”

“पोरीनं. चांगली बोलते. म्हणे, सोलरचं तं नाही काका, पण तुम्ही कसं ऐकता ते सांगा, मी ऐकून पाहते. मी सांगतलं तिले, कुठं दाबा लागते ते.”

“कधी?”

“झाले असतील तीन हप्ते.”

अंगणात एक ट्रक मागे येत होता; त्याचा भोंगा वाजत राहिला. इंद्रजितला दुसरे काही ऐकू आले नाही. त्याच्या लक्षात आले की पांढरा रंग हा फक्त डोळे असलेल्यांसाठी आडोसा होता. तपासणाऱ्या यंत्राला रंग नव्हता, फोनमधल्या बाईला नव्हता, काळ्या चष्म्यातल्या नानाजींना नव्हता. आणि तीन आठवड्यांपासून समीक्षालाही नव्हता.

“ते सोलरचं नाही, हे मले दुसऱ्याच दिवशी समजलं,” नानाजी म्हणाले. “ते ऊन चपलीजवळ उतरलं, असं काहीतरी होतं ना? बुढीले ऐकवलं. बुढी म्हणे, ज्यानं हे लिहिलं त्याचं लगन कोणी जमवून द्या बापा, नाही तं हा सूर्यालेच घेऊन बसीन.” ते हसले नाहीत, त्यांना ते खरेच काळजीचे वाटत होते. “तुमचा दुवा उतरवतो मी. नाव काढतो म्हणतं तं काढ. पण ते उन्हाचं ठेवजो. दिवसभर काय ऐकू मी? बातम्या?”

परतीच्या एसटीत इंद्रजितने गेले तीन आठवडे आठवून पाहिले. या तीन आठवड्यांत समीक्षाने रोज नऊला ‘नमस्कार भाऊ’ म्हटले होते. एकदाही आवाज बदलला नव्हता. त्या भाऊ शब्दाचे त्याने आजवर अनेक अर्थ लावले होते. ती ग्राहकांनाही भाऊ म्हणते, कुरिअरवाल्यालाही म्हणते, हा त्यातला सर्वांत दिलासा देणारा अर्थ होता.

दुसऱ्या सकाळी डोमाजींनी फर्मान काढले. “दोन खेपा परत आलं. तू काहीतरी आडवंतिडवं लिहून राह्यला. या खेपेस पोरीले दाखवल्याशिवाय पाठवू नको. तिले सरळ बोलता येते.” आणि ते भट्टीकडे निघून गेले.

समीक्षाने निळी खुर्ची ओढून संगणकापाशी आणली. तारेने बांधलेला हात करकरला.

“आधीचे दोन दाखवा, भाऊ.”

त्याने दाखवले. तिने पहिला वाचला आणि मान हलवली. दुसऱ्यापाशी थांबली.

“‘मजकूर आढळला होता.’ कुणाला आढळला?”

त्याने माउस उगाच सरकवला.

“म्हणजे तो आपल्या पायानं चालत आला आणि पानावर बसला?”

“तसं नाही.”

“‘योग्य ती काळजी घेण्यात आली आहे.’ कुणी घेतली?”

इंद्रजित कीबोर्डवरच्या धुळीकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “तुम्ही ऐकलं?”

“ऐकलं.”

“बोलल्या नाहीत काही.”

“तुम्ही बोलले काय?” ती म्हणाली. “मी वाट पाहून राह्यली होती, हा माणूस अक्षरांचा रंग बदलते काय म्हणून. आणि एक गोष्ट सांगू? त्यात चूक आहे. एका सकाळी लिहिलं तुम्ही, नऊ वाजता ऊन माझ्या खांद्यावर होतं. नऊला खुर्चीवर ऊन नसतेच. मी येते तेव्हा ते तुमच्या टेबलावर असते. हे पाहा.”

त्याने पाहिले. ऊन त्याच्या उजव्या हातावर पडले होते, मनगटापासून करंगळीपर्यंत, आणि तिथे बहुधा रोजच पडत असावे.

“ते पुसून टाका आता,” समीक्षा म्हणाली. “आधी एका कागदावर उतरवून घ्या. नानाजींना फोनवर वाचून दाखवावं लागीन. त्यांचा रोजचा नियम आहे. मी वाचीन. तेवढंच फोनचं काम.”

पुसलेल्या ऐंशीवर वाक्यांची मूळ प्रत संगणकात होती. ती त्याने उतरवून घेतली, ताजेही उतरवले, मग पानावर उरलेले ते एकही पुसले. चिमट्याच्या पानाचा तळ पहिल्यांदाच खरोखर पांढरा झाला. मग त्याने तिसरा अर्ज उघडला. अर्जात प्रश्न तेच होते: काय घडले, ते कुणी केले, का केले. त्याने बोटे कीबोर्डवर ठेवली.

“इंग्रजीत लिहावा लागेल,” तो म्हणाला.

“आधी मराठीत लिहा. खरं काय ते समजू द्या. मग मी करते इंग्रजी.” तिने फोन जवळ ओढून घेतला, जणू तो कुठल्याही क्षणी वाजणार होता. तो पुढे होळीच्या आदल्या दिवशी वाजला, दारव्ह्याच्या एका शेतकऱ्याला सहा चिमटे हवे होते, आणि मग संध्याकाळपर्यंत वाजतच राहिला. पण त्या सकाळी हे दोघांनाही ठाऊक नव्हते. भट्टीकडून डोमाजींचा घण ऐकू येत होता. ऊन इंद्रजितच्या हातावरून कीबोर्डवर सरकले होते.

त्याने काळ्या अक्षरांत लिहिले: ‘लपवलेला मजकूर मी लिहिला. तो समीक्षाने वाचावा, असे मला वाटत होते.’